बैठकीतले दोन मास्तर

आता दारू सोडणाऱ्यांची बैठक मोठ्या हॉलमध्ये भरते. रांगेत खुर्च्या, समोर माइक, आणि नव्याने येणाऱ्याच्या हातात आधी एक छापील फॉर्म. मास्तर अजून जातात, मागच्या रांगेत बसतात आणि मनातल्या मनात कुरकुरतात. आधीच घाबरलेला माणूस, त्यात पुढ्यात माइक. त्याची दातखीळ बसणार नाही तर काय होईल? सत्तरी ओलांडलेल्यांना आजचं काहीच पसंत पडत नाही हे खरं, पण इथे मास्तरांचं चुकत नाही.

त्यांना आठवते ती छापखान्यावरची खोली. रविवारी सकाळी खालची यंत्रं बंद असायची, पण शाईचा वास जिनाभर असायचा. एक लांब बाक, सहा-सात स्टुलं, पायाखाली कागदाची घडी सारलेलं डुगडुगतं टेबल आणि त्यावर चहाची किटली. जेमतेम दहा जण, तेही गुडघ्याला गुडघा लावून. काय सुखाचे रविवार होते ते!

मास्तर म्हणजे शिंपी. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता, आणि एके काळी पिण्यातही नव्हता. दारू सोडल्यावर काही वर्षांनी बैठक चालवायचं काम त्यांच्याकडे आलं. त्याआधी तिथे एक पोस्टमन यायचा. चार रविवार कोपऱ्यात बसला, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बिचाऱ्याला कशाला छेडायचं, म्हणून बाकीचेही गप्प. पाचव्या रविवारी तो आला नाही, आणि पुढे बातमी आली ती तो गेल्याचीच. मास्तरांच्या मनाला ते फार लागलं. तेव्हापासून नवा माणूस गप्प बसला की त्यांना पोस्टमनच आठवायचा.

त्यावर त्यांनी एक युक्ती काढली. किती पिता, कधीपासून, हे विचारायचंच नाही. आधी आपली गोष्ट सांगायची. पिऊन तर्र असताना त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. उजवा हात घालताना गिऱ्हाईक कसं गिरक्या घेऊ लागलं, हे मास्तर उभं राहून करून दाखवत. खोलीची हसून हसून पुरेवाट. मग हळूच नव्या माणसाला विचारत, "तुमच्या कामात झाला का हो कधी असा घोळ?" दारूचं सांगायला जीभ रेटत नाही, पण कामातला घोळ माणूस चटकन सांगून टाकतो. बैठकीतल्या पेंटरने 'दात काढून मिळतील' ही पाटी केस कापायच्या दुकानावर रंगवली होती. वायरमनने दारावरच्या बेलचं बटण पंख्याला जोडलं होतं. हसता हसता कधी खरं काय ते बाहेर पडायचं.

मग एका रविवारी बाई आल्या. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, चाळिशीच्या, कपड्यांची इस्त्री कडक.

"झालं! आता खोलीत मास्तर दोन," वायरमन म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. पहिला रविवार गेला, दुसरा गेला, तिसराही. दर वेळी गोष्ट सांगून झाली, घोळ विचारून झाला. बाई आपल्या दाराजवळ, पर्स मांडीवर घट्ट धरून. मास्तरांना घास गोड लागेना. याही पोस्टमनच्या वाटेने जाणार, या विचाराने ते धास्तावले होते.

चौथ्या रविवारी त्यांनी अगदी जीव तोडून गोष्ट सांगितली. दोन गिरक्या जास्तीच्या घेतल्या. हसणं ओसरलं तसा दारापाशी आवाज आला, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"कोट कुणाचा होता?"

"गिऱ्हाइकाचा हो, बाई."

"चार वेळा ऐकली मी गोष्ट. पुढे त्या माणसाचं काय झालं, ते तुम्ही सांगतच नाही. कुणाचा होता?"

मास्तर स्टुलावर बसले. गळ्यातली मापाची टेप काढून बोटाला गुंडाळू लागले.

"माझ्या मुलाचा," ते म्हणाले. "पहिल्याच नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं त्याला. गिरकी-बिरकी काही नाही घेतली त्याने. मीच ओरडलो त्याच्यावर. म्हटलं, माप घेताना सरळ उभा राहत नाहीस, तुझ्यामुळे बिघडला. गेला बिचारा शर्टावरच..."

पेंटरने मान खाली घातली.

"सावकाश सांगा," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

"नोकरी नाही मिळाली. संपलं."

मग बाईच बोलू लागल्या.

"मला दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला होता, मास्तरांकडे जा. मला वाटलं शाळामास्तर असतील. येऊन बघते तर गळ्यात टेप!"

वायरमन फसकन हसला. बाईंनाही किंचित हसू आलं.

"मला शाळामास्तरच हवा होता. वर्गातलंच विचारायचं होतं. माझ्या टेबलावर पाण्याची बाटली असते. तिच्यात पाणी नसायचं. एका मुलीला तहान लागली, तिने हात वर केला आणि बाटली मागितली. मी सगळ्यांसमोर इतकी अंगावर गेले तिच्या... सगळ्यात जास्त हात तिचाच वर असायचा. आता विचारलं तरी बोलत नाही. माझं पिणं कसं सुटेल, हे मी विचारतच नाही. तिला परत बोलतं कसं करायचं?"

इतक्या जणांना बोलतं करणाऱ्या मास्तरांनी या वेळी गोष्ट आणि गंमत बाजूला ठेवली.

"तिला सांगा, बाई, तुझं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. उद्याच सांगा."

बाईंनी मान डोलावली. मग, धडा कळला का हे विचारावं तशा स्वरात, म्हणाल्या, "आणि तुम्ही? तुम्ही सांगितलंत मुलाला?"