हत्तीचा ओटा

लग्न होऊन मी झरीला आले, त्याच वर्षी हैदराबादच्या सरकारांची स्वारी आमच्या रस्त्यानं जाणार असल्याचा हुकूम आला. रस्त्याच्या कडेचा एक उंचवटा मोटारींना आडवा येत होता. तो सपाट करायला घराघरातून माणसं वेठीला नेली. आमच्या घरून सासूबाई आणि मी गेलो.

त्या उंचवट्याला गाव 'हत्तीचा ओटा' म्हणायचं. फार जुन्या एका स्वारीतला हत्ती चालून चालून तिथंच कोसळला, असं सांगत. पण खरं कुणी मानत नसे. उन्हात माती उपसून आमची पाठ धरली होती. तेवढ्यात सासूबाईंचं खोरं लोखंडावर वाजलं. हातानं माती सारली, तर पायाचं भलंमोठं हाड, आणि त्याभोवती अजून अडकलेलं गंजकं कडं, साखळीसकट.

मुकादम ओरडला, "फेका बाजूला, उशीर व्हायलाय!"

सासूबाई हाडापाशी खाली बसल्या. "मेल्यावर बी सोडलं न्हाई की ओ मुक्या जनावराला," म्हणाल्या. गावचा लोहारही वेठीलाच आला होता. त्याला म्हणाल्या, "दादा, तेवढं कडं तोडा."

त्यानं ते तोडलं. माती उपसता उपसता बाकीची हाडंही निघाली. सांजेला काम सुटल्यावर अंगात त्राण नव्हतं, तरी आम्ही दोघींनी ती हाडं टोपल्यांतून नेऊन आमच्या बांधाला पुरली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला रस्त्याच्या कडेला हात जोडून उभं केलं. मोटारी धुरळा उडवत गेल्या. आत कोण होतं, तेसुद्धा दिसलं नाही. सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "चल गं," म्हणाल्या, "शेरडं तहानेली हायत."