मागच्या खोलीतलं इंग्रजी

मळवलीतल्या त्या बंगल्यावर नूरमहंमद बावीस वर्षं राखणदार होता, आणि इतक्या वर्षांत इंग्रजी त्याच्या उपयोगी पडलं ते फक्त न कळण्यापुरतं. मालक-मालकीण त्याच्यादेखत भांडत ते इंग्रजीत. त्याला कळत नाही हे सगळ्यांच्याच सोयीचं होतं, त्याच्याही.

पुढे मालक थकले. बंगला पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्या एका कंपनीकडे गेला आणि कंपनीच्या रेणुका मॅडमनी त्याच्या हातात एक कागद ठेवला. देवनागरीत लिहिलेली इंग्रजी वाक्यं, शेजारी अर्थ. आधी पाहुण्याला काय हवं-नको विचारायचं, मग नियम सांगायचे, मग चार सल्ले द्यायचे. "पंधरा दिवसांनी मीच पाहुणी होऊन येते. जमलं तर तुम्हीच राहाल, चाचा," मॅडम म्हणाल्या.

राहाल म्हणजे कामावरही आणि बंगल्यामागच्या खोलीतही, असं तो धरून चालला. त्या खोलीखेरीज त्याला आणि त्याच्या बायकोला, कमरजहाँला, घर नव्हतं. गावाकडचं होतं ते भावांच्या वाटणीत कधीच संपलं होतं.

सोमवारी पाहुण्यांच्या चादरींचा ढीग धुऊन वाळत पडला, की कमरजहाँ गुडघे धरत पायरीवर पाहुणी होऊन बसे.

"शॅल आय ब्रिंग यू टी?" म्हणजे, चहा आणू का?

"आणा की! तीस वर्सांत पैल्यांदाच इचारलंत."

"अगं, हे खरं न्हाई. तू पाव्हणी हाईस."

"पाव्हणी हाय म्हून तर चा मागतीय."

विचारणंच त्याला जड जाई. आलेल्याच्या हातातली पिशवी घ्यायची, पुढ्यात चहा ठेवायचा. घेणार का म्हणून विचारणाऱ्याला द्यायचा नसतो, असंच त्याच्या घरात मानत आले होते. नियमांचं तर विचारूच नका. 'यू मस्ट लीव्ह द रूम बाय इलेव्हन.' अकराच्या आत खोली सोडलीच पाहिजे. 'पाहिजे' त्याने या बंगल्यात जन्मभर ऐकलं होतं, कुणाला ऐकवलं नव्हतं. म्हणताना त्याचे हात आपोआप जोडले जात. सल्ल्यातलं 'यू शुड टेक रेस्ट' तेवढं बिनचूक येई, कारण ते तो कमरजहाँच्या गुडघ्यांकडे बघून म्हणे. विश्रांती मात्र दोघांपैकी कुणालाच मिळत नव्हती.

मॅडम ठरल्या दिवशी आल्या. त्या गाडीतून उतरतात न उतरतात तोच याने बॅग उचलली, तीन पावलं चालला आणि मग विचारलं, "शॅल आय कॅरी युवर बॅग?"

"चाचा, आधी विचारा, मग उचला," मॅडम हसल्या. त्याने बॅग खाली ठेवली, विचारलं, पुन्हा उचलली. नियम हात जोडून सांगितले, पण सगळे सांगितले.

"जमलं की! तुमचं काम पक्कं," मॅडम म्हणाल्या. त्याचा जीव भांड्यात पडला.

मॅडमच्या चहाचा रिकामा कप उचलायला तो वाकला. मॅडमनी ऑफिसला फोन लावला होता, त्याच्यासमोरच, बंगल्याच्या जुन्या रिवाजाप्रमाणे इंग्रजीत. "येस, ही कॅन स्टे ऑन. बट दे मस्ट लीव्ह द रूम बाय मंथ एंड."

पंधरा दिवसांपूर्वी हे त्याच्या कानांवरून गेलं असतं. आता मात्र लख्ख कळलं. काम राहिलं होतं, खोली गेली होती.

"आमी कुटं जायचं, मॅडम?"

मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. "तुम्हाला कळलं?"

"व्हय. कागद तुमीच दिलाता."

"सांगणारच होते, चाचा... बघते मी, बोलून बघते."

'बघते' म्हणजे काय, हे कळायला इंग्रजी लागत नव्हतं.

कमरजहाँ पायरीवर चादरींच्या घड्या घालत होती. "झालात का पास?"

"झालो." नुसतं तिच्या गुडघ्यांकडे बघत तो म्हणाला, "शॅल आय ब्रिंग यू टी?"

"आता कशाला ते? परीक्षा झाली न्हवं?"

"आता खरंच इचारतोय," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने आधण ठेवलं. सांगायचं ते चहा झाल्यावर सांगू, तेवढा वेळ तरी ही खोली तिची राहू दे, असं त्याला वाटलं.