सोनाबाईचं शेवटचं पान

नेत्रा घरत उरणजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला आहे. न्हावा शेव्याच्या बंदरातून सुटलेल्या कंटेनरचे कागद तिच्या टेबलावरून पुढे जातात. वय एकोणचाळीस. आईवडिलांचा जन्म मिठागरावर गेला आणि घरात छापील म्हणावं असं भिंतीवरच्या कॅलेंडरापलीकडे काही नव्हतं. तरी या मुलीला वाचनाचं वेड लागलं. लग्नानंतरही ते सुटलं नाही. नवरा केतन ट्रेलर चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेर. मग रविवारी दुपारी नेत्रा वाचलेल्या पुस्तकाबद्दल ब्लॉगवर लिहायची. ‘दुमडलेलं पान’ हे त्या ब्लॉगचं नाव. वाचणारे चाळीस-पन्नास. त्यातले निम्मे कधी काही बोलायचे नाहीत, पण ती त्यांच्यासाठी शुद्धलेखन दोनदा तपासायची.

तिची आई आजारी पडली आणि पनवेलच्या दवाखान्यात पाच महिने राहिली. त्याच सुमारास उरणच्या वाचनालयाने जुनी, फाटकी पुस्तकं काढून टाकली होती. त्या गठ्ठ्यातलं एक पातळसं पुस्तक नेत्राने उचललं. ‘उशाशी बसून’, लेखिका नीराबाई अमोलिक. खाडीकाठच्या एका मिशन दवाखान्यात नर्स असलेल्या बाईच्या आठवणी. दवाखाना कधीच बंद पडला होता, लेखिकेचं दुसरं पुस्तक कुठे सापडत नव्हतं. नेत्राने ते आईच्या खाटेशेजारी बसून वाचलं, काही भाग आईला मोठ्याने वाचून दाखवला.

त्यातलं शेवटचं प्रकरण सोनाबाई नावाच्या मिठागरावरच्या बाईचं होतं. मिठाच्या पाण्याने तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या, जखमा चिघळल्या होत्या. नीराबाई रोज तिचे पाय कोमट पाण्याने धुवायच्या. सोनाबाई लाजून पाय मागे घ्यायची. म्हणायची, “बाय, तू शिकलेली. माजे पाय नको धरू.” एकोणिसाव्या दिवशी ती गेली. जाताना तिने येशूचं नाव घेतलं आणि तिच्या चेहऱ्यावरच्या वेदना निवल्या, असं शेवटच्या पानावर होतं.

आई गेल्यावर दोन महिन्यांनी नेत्राने त्या पुस्तकाबद्दल लिहिलं. “मी ख्रिस्ती नाही,” तिने लिहिलं, “पण असं शांत मरण माझ्या आईला मिळालं नाही, म्हणून मी ते पान पुन्हा पुन्हा वाचते.”

हे लिखाण कसं कोण जाणे निकेत साळवी नावाच्या माणसापर्यंत पोचलं. निकेत एक छोटं ख्रिस्ती मासिक काढायचा आणि दर वर्षी मराठी ख्रिस्ती साहित्याचा तीन दिवसांचा मेळावा भरवायचा. त्या वर्षी मेळावा रेवदंड्याजवळ, समुद्रकाठच्या एका प्रार्थना-निवासात होता. त्याने फोन केला. “ताई, त्या पुस्तकावर बोलाल का? आमच्यातही ते आता कुणी वाचत नाही.”

नेत्राने हो म्हटलं आणि घरात सांगितलं. केतन म्हणाला, “जाऊन ये, त्यात काय.” दुसऱ्या दिवशी मासळी साफ करता करता सासू मैनाबाई म्हणाल्या, “जाशील तं जा. पन कुनी डोक्यावर हात ठेवाला आला तं उठून ये.”

“आई, पुस्तकावर बोलायचंय.”

“पुस्तकातूनच सुरू होतं.”

नेत्रा करंज्याहून लाँचने रेवसला उतरली, तिथून एसटीने रेवदंड्याला गेली. मेळाव्याला ऐंशीएक माणसं होती. कुणी शिक्षक, कुणी पाळक, कुणी निवृत्त परिचारिका. सगळे एकमेकांना ‘सलाम’ म्हणत होते. पहिल्यांदा एका बाईने तिला सलाम केला तेव्हा तिचा हात नमस्काराला गेला, मग दोघीही हसल्या. दारातल्या टेबलावर पुस्तकं मांडली होती. निम्म्याहून जास्त पुस्तकांची नावंसुद्धा तिने ऐकली नव्हती. आपण इतकी वर्षं वाचतोय आणि मराठीतलंच एक अख्खं दालन आपण उघडलं नाही, याची तिला लाज वाटली. जेवणाची घंटा झाली तरी ती तिथेच उभी होती.

शनिवारी सकाळी ती बोलली. आधी चाचरत, मग आईच्या मिठाने भेगाळलेल्या पायांबद्दल सांगताना मोकळी झाली. शेवटी तिने सोनाबाईचं शेवटचं पान वाचून दाखवलं. सभागृहात बायका डोळे पुसत होत्या. कुणीतरी ‘आमेन’ म्हणालं.

खाली उतरल्यावर निकेत तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा उजळला होता. “ताई, तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तब्येतीचा भरवसा नव्हता, येतील की नाही ठाऊक नव्हतं. नीराबाई आल्यात.”

नेत्राला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने त्यांना मनात केव्हाच मागच्या काळात ठेवून दिलं होतं. शेवटच्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत, पांढऱ्या सुती साडीतली एक बारीक म्हातारी बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी. माणगावला भाचीकडे राहायच्या. भाची मृणाल, तीही नर्स, त्यांना गाडीतून घेऊन आली होती.

नेत्रा वाकून पाया पडली. नीराबाईंनी तिचा हात धरला, पण त्या हसल्या नाहीत. “मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय,” त्या मृणालला म्हणाल्या.

मृणालने खुर्ची मागच्या व्हरांड्यात नेली आणि ती निघून गेली. समोर सुरूची झाडं होती, त्यापलीकडे ओहोटीचा चिखल.

“तू वाचलंस ते शेवटचं वाक्य माझं नाही,” नीराबाई म्हणाल्या.

नेत्राने पुस्तक उघडून ते पान काढलं.

“सोनाबाईने येशूचं नाव घेतलं नाही. त्या दुपारी तिला धाप लागली. मरणाऱ्याला पवित्र शास्त्रातलं वाचून दाखवावं, असा आमच्या वॉर्डातला शिरस्ता होता. मी पुस्तक उघडलं. तिने हाताने ते मिटलं. म्हणाली, ‘तुजा देव तुजा, बाय. माज्या आईचा नाव घे नं. माजे तोंडातून येत न्हाय.’ तिची आई म्हणजे एकवीरा.”

“मग?”

“मी विचार करत बसले. तिच्याकडे वेळ नव्हता आणि मी विचार करत बसले. मग तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, एकवीरा आई. तीनदा म्हटलं. तिने माझं बोट दाबलं आणि ती गेली.”

नीराबाईंचा श्वास वर आला होता.

“मी प्रभूची लेक. तेव्हा ते पाप केलं की पुण्य, मला वर्षानुवर्षं कळलं नाही. मी जसं घडलं तसंच लिहून दिलं होतं. छापणाऱ्या मंडळींनी ते वाक्य बदललं आणि तपासायला माझ्याकडे पाठवलं. मी सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता, मुली. लोक काय म्हणतील म्हणून मी सही केली. एकोणपन्नास वर्षं झाली. त्यानंतर मी लिहिलं नाही.”

नेत्राला आधी राग आला. त्या एका पानाच्या आधाराने तिने आईचे शेवटचे दिवस काढले होते. आणि मग तिला आईच आठवली. ते पान वाचून दाखवलं तेव्हा आई उशीवर मान हलवून म्हणाली होती, “आसा न्हाय झाला आसंल. मिठावरची बाय मरताना आईलाच हाक मारंल.” नेत्राने तेव्हा तिला गप्प केलं होतं. पुस्तकात लिहिलंय ना, असं म्हणाली होती.

तिने हे नीराबाईंना सांगितलं. म्हातारीने डोळे मिटून घेतले. “तुझ्या आईला कळलं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तू हे लिही. तुझं लोक वाचतात.”

दिवस कसे आहेत ते नेत्राला ठाऊक होतं. कालच जेवताना एका खेडेगावच्या पाळकांनी सांगितलं होतं, की त्यांच्याकडे घरातल्या प्रार्थनेलाही आता दार लावून घ्यावं लागतं. अशा वेळी बाहेरच्या बाईने हे लिहायचं?

“आधी तुम्ही इथे सांगा,” ती म्हणाली. “तुमच्या माणसांत. मग मी लिहीन.”

“माझा आवाज पोचत नाही.”

“तुम्ही सांगा, मी कागदावर उतरवते. उद्या मी वाचीन, तुम्ही शेजारी बसा.”

निकेतला सांगितलं तेव्हा तो खालीच बसला. “आज? या हवेत? धर्मांतराचा आळ घेणाऱ्यांना आपल्या हाताने कोलीत द्यायचं?” तो चिडला नव्हता, घाबरला होता. शेवटी नेत्रा आणि निकेत नीराबाईंना घेऊन वयोवृद्ध पाळक गुणाजी काळोखे यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

“उद्याच्या उपासनेत पापकबुली आहे,” ते म्हणाले. “आपण दर रविवारी पाठ केलेली म्हणतो. एक खरी होऊ दे.”

रविवारी सकाळी गीत झालं आणि गुणाजींनी नीराबाईंचं नाव घेतलं. खुर्ची पुढे आणली गेली. पण नीराबाई बसायला तयार होईनात. मृणालने एका बाजूने आणि नेत्राने दुसऱ्या बाजूने धरलं, तशा त्या उभ्या राहिल्या. नेत्राने कागद वाचला. दीड पानच होतं. ‘मी सही केली’ या शब्दांशी नीराबाईंनी मान उंच केली, सगळ्यांना दिसावी अशी.

वाचून झालं. कुणी आमेन म्हटलं नाही. दुसऱ्या रांगेतली एक बाई उठून बाहेर गेली. मागून एक गृहस्थ म्हणाले, “हे परक्यांसमोर सांगायची गरज होती का?” परक्या म्हणजे आपणच, हे नेत्राला कळलं. तिने मान खाली घातली.

गुणाजी म्हणाले, “त्यांनी पन्नास वर्षं वाट पाहिली. आपण पाच मिनिटं ऐकू शकतो.” आणि त्यांनी प्रवचन केलं नाही. त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. हळूहळू सगळे आवाज मिसळले. नेत्राला ती प्रार्थना येत नव्हती. ती नीराबाईंचा दंड धरून उभी राहिली.

घरी आल्यावर तिने मैनाबाईंना सगळं सांगितलं. मैनाबाईंनी एकच विचारलं, “एका ख्रिश्चन बायनं आईचा नाव घेतला? तिचे तोंडानं?”

“तीनदा.”

मैनाबाई उठून देव्हाऱ्यासमोर गेल्या आणि दिवा लावून बसल्या.

लेख लिहायला नेत्राला तीन आठवडे लागले. तिने तो मृणालला पाठवला, मृणालने नीराबाईंना वाचून दाखवला. त्यांनी एकच शब्द बदलायला लावला. नेत्राने नीराबाईंच्या तोंडी लिहिलं होतं, ‘त्यांनी शेवट बदलला’. नीराबाई म्हणाल्या, “‘त्यांनी’ नको. ‘आम्ही’ लिही.”

लेख ब्लॉगवर गेला. पहिल्या दोन दिवसांत दहा-बारा माणसांनी मनापासून लिहिलं. मग कुणीतरी त्यातल्या चार ओळी कापून, वर भडक मथळा लावून फिरवल्या. केतनच्या ट्रेलरवाल्यांच्या ग्रुपवर त्या आल्या. त्याने फोन पुढे केला. “हे तू लिहिलंस?”

“नाही,” ती म्हणाली. “यातल्या चारच ओळी माझ्या आहेत.”

तो लेख काढून टाकावा असं तिला दोनदा वाटलं. नाही काढला. जिथे जिथे ते तुकडे दिसले तिथे ती पूर्ण लेख चिकटवत राहिली. लोकांनी तिला दोन्हीकडून शिव्या दिल्या. केतनने एकदा त्याच ग्रुपवर लिहिलं, “माझ्या बायकोने लिहिलंय, आधी पूर्ण वाचा.” त्यानंतर तिथे कुणी बोललं नाही. निकेतचा फोन येणं मात्र बंद झालं. तिनेही केला नाही. त्याच्यावर काय बेतलं असेल याची तिला कल्पना होती.

जानेवारीत त्याचाच फोन आला. “नीराबाई गेल्या. उद्या अकराला, माणगावला.”

सकाळी नेत्रा निघाली तेव्हा मैनाबाई पातळ बदलून दारात उभ्या होत्या. कुठे, असं नेत्राने विचारलं नाही. दफनभूमीत दोघी मागे उभ्या राहिल्या. माती द्यायची वेळ आली तेव्हा मैनाबाई पुढे झाल्या, इतरांनी केलं तसं मूठभर माती टाकली आणि मागे सरल्या. तिथे निकेत भेटला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. “मासिकाची वर्गणी बऱ्याच जणांनी बंद केली,” तो म्हणाला. “पण पुस्तक पुन्हा काढायचं ठरलंय. त्यांच्या हाताचं जुनं लिखाण मृणालकडे सापडलं. तेच छापणार. प्रस्तावना तुम्ही लिहा.”

“मी नको,” नेत्रा म्हणाली. “मृणालने लिहावी. तिने रुग्णांचे पाय धुतलेत.”

पुस्तक पावसाळ्यानंतर आलं. शेवटच्या पानावर सोनाबाईचं बोलणं तिच्याच बोलीत, जसंच्या तसं होतं. नेत्राने काही प्रती घेतल्या आणि सुटीच्या दिवशी उरणच्या आसपासच्या गावांत विचारत फिरली. पन्नास-साठ वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या दवाखान्यात वारलेली, मिठावर काम करणारी सोनाबाई कुणाची? बहुतेक मिठागरांवर आता भराव पडलाय, माणसंही पांगली. एका गावात एक म्हातारा ओट्यावर बसून शांतपणे म्हणाला, “आमच्यात तीन सोनाबाय होत्या. दोगी दवाखान्यानच गेल्या. तुजी कुठली, आता कोन सांगंल?”

त्याला वाचता येत नव्हतं. नेत्रा त्याच्या ओट्यावर बसली आणि तिने ते प्रकरण त्याला पहिल्यापासून वाचून दाखवलं.