छत्रीचं ठिगळ

शेजारी नव्याने राहायला आलेली सायली शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घरोघर जुन्या छत्र्या मागत होती.

"काकू, मोडकी चालेल. त्या कापडाच्या पिशव्या शिवणार आहे. कचराही कमी आणि प्लॅस्टिकही नको."

दारामागे ह्यांची काळी छत्री होती. हे गेल्यापासून ती कुणी उघडलीच नव्हती. मी पटकन देऊन टाकली. विचार करत बसले असते, तर हातून सुटली नसती.

प्रदर्शनात शिरले आणि टांगलेल्या पिशव्यांतली आमची लगेच ओळखली. काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं ठिगळ होतं. काळा दोरा सापडेना म्हणून हे खिडकीत बसून पांढराच ओवत होते आणि मी हसत होते. ह्यांचा आवाज अलीकडे मला नीटसा आठवत नाही. टाके मात्र तसेच होते, थोडे वाकडे, घट्ट ओढलेले. आपण ज्याला टाकाऊ म्हणतो, त्यात कुणाची तरी एक अख्खी दुपार शिल्लक असते.

मी ठिगळावरून बोट फिरवत राहिले.

"बाई म्हणाल्या, तेवढं कापून टाक," सायली सांगू लागली. "पण इतकं जपून शिवलंय, मला कापवेना. कुणी शिवलंय, काकू?"

"आमच्या ह्यांनी."

"काकांना शिवता येतं?"

तिला काहीच ठाऊक नव्हतं. 'यायचं' एवढा एकच शब्द मला म्हणायचा होता.

"हो," मी म्हटलं, "छान येतं."