खांब आणि तोटी

हॉस्पिटलच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळणाऱ्या या माणसाला सगळे खांब म्हणत. चर्चच्या मंडळीचा खांब. एकतीस वर्षांत त्याची उपासना चुकली नाही, पहिला बाक सुटला नाही. प्रार्थनेला उभा राहिला की शब्द असे सुटत, जशी उतारावर मोकळी गाडी. पाळकसुद्धा डोळे मिटल्या मिटल्या या पायावरचा भार त्या पायावर टाकायचे.

त्याची विधवा धाकटी बहीण त्याच्याच घरी राहायची नि त्याच धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. तिचं टेबल बॉयलरच्या खोलीच्या दाराला लागून. उपासनेत तिला हटकून डुलकी लागायची.

"देवाच्या घरात घोरतेस! लाज वाटत नाही?"

"घोरताना निदान खोटं तरी बोलत नाही मी, दादा."

बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते. आत पाणी किती, ते तिच्यात दिसतं. पण पाण्यातला चुना धरून नळीची वाट बुजली, तर काचेत जुनंच पाणी उभं राहतं. आत टाकी आटली तरी काच आपली अर्धी भरलेली. म्हणून रोज सकाळी खालची तोटी उघडून काच रिकामी करायची, तोटी बंद करायची नि पाणी सपकन वर चढतं का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम.

आधी खांब तोटीही फिरवायचा आणि प्रार्थनाही करायचा. एकदा थंडीत उशीर झाला, तेव्हा प्रार्थना झाली, तोटी राहिली. काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग तेच अंगवळणी पडलं. बॉयलरवर हात ठेवून दोन मिनिटं खणखणीत प्रार्थना, इस्त्रीवाल्या बायांचं 'आमेन', आणि वहीत तोटीच्या रकान्यात बरोबरची खूण. घरी एकट्यानं गुडघे टेकणं तर त्यानं त्याच्याही आधी सोडलं होतं. चारचौघांत एवढी होते, मग कोपऱ्यात वेगळी कशाला?

"दादा, तोटी फिरव रे," बहीण टेबलावरून ओरडायची.

"प्रभू राखतो."

"राखतो ना. पण तोटी फिरवायला तुला ठेवलंय. डोळे मिटून तर मांजरही दूध पितं!"

बाया फिदीफिदी हसायच्या. खांब म्हणायचा, "तुझा विश्वासच तोकडा." पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशीही काच अर्धी भरलेली होती. खांबानं ती पाहिली, निर्धास्तपणे जाळ वाढवला आणि अंगणातल्या नळावर हात धुवायला गेला. आत टाकी आटत आलेली. उघडं पडलेलं लोखंड लाल झालं, फाटलं, आणि उरलंसुरलं पाणी वाफ होऊन दारातून बाहेर पडलं. दाराशी बहीण होती. तिचे दोन्ही डोळे गेले. खांबाच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही.

चौकशीला साहेब आला. वही चाळली. "तोटी रोज फिरवायचात?"

"रोज."

वही खुणांनी भरलेली. दोष लोखंडाचा निघाला. लोखंडाला कुठं तोंड असतं?

खाटेवर पट्ट्या बांधलेली बहीण म्हणाली, "डोळे मागत नाही तुझ्याकडे. एकदा मंडळीपुढे खरं सांग. म्हणजे मी तुला माफ करायला मोकळी. नाहीतर हे ओझं घेऊन मी मरायची, आणि तूही."

"घरी आलीस की पहिल्याच रविवारी सांगतो."

तो रविवार आला. बहिणीला हाताला धरून त्यानं पहिल्या बाकावर बसवलं. "काय भाऊ आहे!" मागून कुणीतरी हळहळलं. पाळक म्हणाले, "प्रभूनं आपल्या भावाला कसं वाचवलं, त्याची साक्ष ऐकू या."

खांब उभा राहिला. बोलायचे शब्द चारच होते. मी तोटी फिरवली नाही. तोंड उघडलं आणि "हे दयाळू पित्या" निघालं. मग काय, गाडी उताराला लागली. बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. अग्नी आला, वाफ आली, रक्षण करणारा हात आला. तोटी आली नाही.

"दादा," बहीण मध्येच मोठ्यानं म्हणाली. "तोटी?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"फिरवली होती गं. रोज फिरवायचो. देवाची इच्छा."

एवढं खोटं, तेही अशा जागी. आत काहीतरी हलेल, टोचेल, म्हणून तो क्षणभर थांबला. काही हललं नाही. तेव्हा मात्र तो घाबरला. पण तोवर मंडळी 'आमेन' म्हणून मोकळी झाली होती.

आता धुलाईघरात नवा बॉयलर आहे. त्याची तोटी खांब दिवसातून तीनदा फिरवतो. पाणी सपकन चढतं. घरी जेवणाआधी तो प्रार्थना करतो, तीही लांबच. आमेन एकट्याचंच होतं. बहीण चाचपडत ताट जवळ ओढते.

"झाली? की अजून तोटी राहिलीय?"

तिला दिसत नाही, तरी तो तोंड फिरवतो.