विहिरीजवळच्या झाडाची मोसंबी

चाळीसगावजवळच्या आमच्या मळ्यातली मोसंबी व्यापारी झाडावरच घ्यायचा. विहिरीजवळचं एक झाड मात्र नाना, म्हणजे माझे वडील, त्याला देत नसत. मी धुळ्याहून, देवपूरच्या कॉलेजातून घरी येईपर्यंत ती फळं तशीच राहायची. मला इंग्रजी शाळेत घातल्यापासून ते माझ्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलत; बाकी घरात अहिराणीच. झाड माझ्यासाठी ठेवलंय, असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

त्या वर्षी माझी परीक्षा लांबली. नानांना तोंडाचा कॅन्सर होता, किरणं देऊन झाली होती. चावता येत नव्हतं, चवही धड कळत नव्हती. फोड तोंडात धरून रस चोखायचा आणि चोथा काढून टाकायचा, एवढंच जमे. त्यातही विहिरीजवळची फळं त्यांनी कुणाला तोडू दिली नव्हती. आई त्यांच्यासाठी बाजारातून मोसंबी आणत होती.

मी पोचले त्या दुपारी आईने ती फळं तोडून आणली. नानांनी फोड तोंडात धरली. बराच वेळ धरली. मग चोथा हातात घेऊन बघत राहिले.

"मन्हं तोंडच गयं आते," ते आईला म्हणाले.

मी एक फोड खाल्ली. दाणे पांढरट, टणक, कोरडे. हे मी त्याच वर्षी शिकले होते. फळ झाडावर फार दिवस राहिलं की दाण्यांतल्या पेशींच्या भिंती जाड होतात, लाकडात असतं तसलं द्रव्य त्यांत साठतं, रस पेक्टिनमध्ये, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या द्रव्यात, थिजतो आणि चोखून येत नाही. सांगितलं तर दोष त्यांच्या राखून ठेवण्यावर जाणार होता. गप्प बसले तर त्यांच्या तोंडावर.

"नाना, तोंड चांगलं शे. फळच कोरडं शे." माझी अहिराणी अडखळली. आईने बाजारातली मोसंबी चिरून दिली. ती चोखताना त्यांच्या ओठांच्या कडेला रस आला. तो त्यांनी बोटाने पुसला आणि बोटाकडे पाहिलं.

"पुढला साल टाइमवर तोडसूत," ते माझ्याकडे बघत म्हणाले. माझ्याशी अहिराणीत.

पुढच्या हंगामात नाना नव्हते. आईने एकटीने त्या झाडाची फळं वेळेवर उतरवली आणि पिशवी एसटीने धुळ्याला पाठवली. खोलीवर मी एक मोसंबी सोलली. पापुद्रा दाताला लागताच फाटला, रस मनगटावरून खाली आला. मग दुसरी सोलली, तिसरी. एखादी तरी कोरडी निघेल म्हणून सोलत गेले.