नकाशावरची वाडी

दादा गेला त्या दिवशी फोन आला तेव्हा मी आश्रमशाळेत चौथीच्या मुलींना नदीचा उगम शिकवत होते. सुनंदावहिनी एवढंच म्हणाली, "शालू, ये गं..." शेलूला त्यांच्या घरी पोचेपर्यंत मला कळून चुकलं होतं. सकाळचा चहा घेऊन तो आडवा झाला तो उठलाच नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पुष्कळजण बोलले. कुंभिवलीच्या बौद्धवाड्यातला मुलगा एवढ्या मोठ्या संशोधन संस्थेत पोचला, म्हणाले. सगळं खरं होतं. पण शेवटची काही वर्षं माझा भाऊ कसली शरम घेऊन जगला, हे कुणी बोललं नाही. वहिनीला विचारूनच मी ते लिहिते आहे.

विलासदादाचं काम आकड्यांचं. सरकारी दवाखान्यांतल्या लाखो नोंदी एकत्र करून कुठला आजार कुठे वाढतोय, औषध कुठे पोचत नाही, हे तो शोधायचा. "एका माणसाच्या केसपेपरवरून काही कळत नाही गं," असं मला हायवेवरच्या टपरीत चहा पिताना सांगायचा, "लाखभर एकत्र ठेवले की ते बोलायला लागतात." मग कर्जतच्या डोंगराकडच्या आदिवासी वाड्यांत सिकलसेलची तपासणी झाली. आईबापांकडून मुलांकडे येणारा हा रक्ताचा आजार. दादाच्या गटाने त्या तपासण्यांचा नकाशा करून संस्थेच्या वेबसाइटवर टाकला. आजार जास्त तिथे लाल ठिपका. दवाखान्याची गाडी कुठे पाठवायची ते कळावं, एवढाच हेतू. माणसांची नावं अर्थातच काढून टाकली होती.

माझ्या शाळेतल्या एका मुलीची आई, हिराबाई, एक दिवस मला भेटायला आली. तिच्या मोठ्या मुलीचं, दुर्गाचं, लग्न ठरलं होतं. मुलाच्या मामाने मोबाइलवर तो नकाशा पाहिला आणि लग्न मोडलं. दुर्गाच्या स्वतःच्या रक्तात काहीच दोष नव्हता. पण ठिपका वाडीवर होता.

मी दादाला फोन केला. "त्यात नावं नाहीत शालू," तो पहिल्यांदा म्हणाला. मी म्हटलं, "दादा, वाडीत घरं मूठभर. नाव कशाला लागतंय?" पुढच्याच रविवारी तो आला.

हिराबाईच्या पडवीत बायका जमल्या होत्या. दादाने समजावून सांगायला सुरुवात केली, आकडे कसे गोळा होतात, त्याचा उपयोग काय. हिराबाईने त्याला मध्येच थांबवलं. "सुई टोचायच्या आधी तुमच्या मान्सांनी इचारलं, टोचू का? आमी हो म्हनलो. वाडीला लाल रंग फासू का, त्ये कुनी इचारलं नाय."

दादाची मान खाली गेली. "चुकलो," तो म्हणाला. मग काहीतरी भरून काढावं म्हणून घाईघाईने बोलला, "तुम्ही म्हणत असाल तर मी त्या मुलाकडच्यांना भेटतो. दुर्गाचं रक्त चांगलं आहे, हे मी सांगतो."

तोवर आत बसलेली दुर्गा दारात आली. "त्ये सांगत फिरू नका," ती म्हणाली. "माजं चांगलं हाय म्हनलं, की मीनाचं वंगाळ हाय असं हुईल." मीना तिची मैत्रीण, शेजारच्याच घरातली. तिला तो आजार होता. ती तिथेच बसली होती.

परतताना दादा कर्जतच्या स्टँडवर बाकावर बसून राहिला. एसटी आली, गेली. मग म्हणाला, "आपण कुठल्या आळीतले, हे ऐकून लोकांचे चेहरे बदलताना बघत मोठे झालो ना गं आपण? ...आणि मीच एका वाडीला तसं केलं." मलाही त्याच्याशेजारी बसून लाजल्यासारखं झालं. भावाच्या हुशारीच्या गोष्टी मी शाळाभर सांगितल्या होत्या.

त्याने भांडून तो नकाशा काढायला लावला. लोकांच्या मोबाइलमध्ये उतरलेला मात्र कुणाला पुसता आला नाही. मग त्याने हट्टच धरला, की वाड्यांतल्या माणसांना आधी विचारल्याशिवाय त्यांच्या नोंदींना हात लावायचा नाही. वाडीतल्या पहिल्या बैठकीत साहेब लोक इंग्रजीत सुरू झाले, तसा दादा उठला आणि म्हणाला, "ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना कळेल असं बोलू, नाहीतर घरी जाऊ." एका अभ्यासाला बायकांनी सरळ नकार दिला. वरिष्ठ चिडले, दादाने तो अभ्यास सोडून दिला. "मग तुम्हाला काय शोधायला हवं?" असं त्याने विचारलं, तेव्हा मीना म्हणाली, "रगात चढवायला कुठकुठवर जावं लागतं त्ये मोजा." ते काम त्याने जीव ओतून केलं. आज मीनाला रक्तासाठी पनवेलपर्यंत जावं लागत नाही.

या कामासाठी त्याचा सत्कार ठरला तेव्हा तो गेला नाही. "कशाचा सत्कार?" एवढंच वहिनीला म्हणाला. दुर्गा आता खालापूरकडे एका कारखान्यात जाते. लग्नाचा विषय कुणी काढलेला तिला चालत नाही. दादा प्रत्येक भेटीत माझ्याकडे तिची चौकशी करायचा, पण तिच्यासमोर उभं राहायचं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही.

गेल्या आठवड्यात वाडीत पुन्हा बैठक होती. मुंबईहून एक नव्या डॉक्टरबाई आल्या होत्या. पडवीत आम्हा दोघींसाठी खुर्च्या मांडलेल्या. मी बसलेसुद्धा. हिराबाई आतून आली आणि डॉक्टरबाईंची खुर्ची उचलून बाजूला ठेवत म्हणाली, "खालीच बसा. विलासभाऊ हितं भितीला टेकून बसायचा. गुडघं दुखायचं त्याचं, पन खुर्ची घेतली नाय कदी."

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी उठले, भिंतीपाशी जाऊन शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले. समोर बायका बोलायला उभ्या राहिल्या. त्या जागेवरून त्यांच्याकडे मान वर करूनच बघावं लागतं.